कोजागिरीनंतर सायकलवर सातारा–कास–बामणोली: सहा जण, दोन दिवस. आखणी तपासून द्याल का?

निवांत_शनिवार
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यातले सहा मित्रमैत्रिणी, सगळे दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधला एक शनिवार-रविवार मोकळा ठेवला आहे, हातात तीन आठवडे आहेत. विचार असा: शनिवारी पहाटे छोट्या हत्तीत सायकली टाकून सातारा, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कास, मग खाली उतरून बामणोलीला मुक्काम. रविवारी आलो त्याच रस्त्याने परत सातारा.

सहापैकी दोघं नियमित चालवतात, चौघं सोसायटीच्या आसपास १०-१५ किलोमीटर. सायकली अशा: दोन हायब्रिड (पुढे ४८-३८-२८ दाते, मागे सात गिअरचं १४-२८ फ्रीव्हील म्हणजे दातेरी चक्रांचा संच, चाकं ७००×३८), दोन एमटीबी म्हणजे डोंगरी सायकली (पुढे ४२-३४-२४, मागे १४-२८, चाकं २६ इंची), एक रोड बाइक (पुढे ५०-३४, मागे ११-२८) आणि एक साधी बिनगिअरची, पुढे ४४ दाते, मागे १८.

प्रश्न: चौघांना हा चढ जमेल का? सायकलींत काय बदलायला हवं? आणि मुक्काम बामणोलीलाच करावा का? पहिल्या दिवसाचा शेवट उताराचा म्हणून तो सोपा वाटतोय.

घाटवाट
आधी मुक्कामाचं, कारण तुमच्या आखणीतली अडचण तिथे आहे. बामणोली शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठावर आहे. कोयना धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६५९ मीटर असते आणि ऑक्टोबरात जलाशय बहुतेक भरलेलाच असतो. कास पठार १२०० मीटरच्या आसपास. म्हणजे शनिवारी दुपारी जे पाचशेवर मीटर मजेत उतराल, ते रविवारी सकाळी उठल्या उठल्या, आखडलेल्या पायांनी चढायचे. साताऱ्याकडून कासला येताना चढ साधारण तेवढाच आहे, पण तो शनिवारी, ताज्या पायांनी. नवशिक्यांची सहल रविवारी सकाळी फसते ती अशी.

चढाचा अंदाज घरबसल्या काढता येतो. माणूस, सायकल, सामान असं एकूण वजन ९० किलो धरा. ५३० मीटर वर न्यायला ९० × ९.८१ × ५३० म्हणजे सुमारे ४ लाख ६८ हजार ज्यूल लागतात. सवय नसलेला माणूस तासन्‌तास १०० वॉटच्या आसपास टिकतो. भागाकार केला की ४,६८० सेकंद, म्हणजे ७८ मिनिटं. त्यात टायरचं घर्षण, खराब डांबर, मधले छोटे उतार आणि थांबे धरले की दोन ते अडीच तास. जमण्यासारखं आहे, पण ‘रविवारी लवकर निघून अकराला साताऱ्यात’ असं असेल तर सहाच्या सुमारास आवरून, सूर्योदयाला, म्हणजे साडेसहाला, पॅडलवर पाय हवा. आणि सामान कमी करा. पाच किलो जादा म्हणजे याच चढावर सव्वाचार मिनिटं जादा, तेही प्रत्येक मोठ्या चढाला.

माझं मत: टेंपो साताऱ्याहून परत पाठवू नका, दोन दिवस सोबत ठेवा. चालक कास आणि बामणोली अशा दोनच ठिकाणी थांबेल. रविवारी ज्याला चढ नको त्याने सायकल टेंपोत टाकायची आणि कासला उतरून पुढे सगळ्यांसोबत चालवायची. हे निघायच्या आधीच सहाही जणांत मोकळेपणाने ठरवा, म्हणजे थकलेला माणूस संकोचापोटी पाय ओढत राहत नाही. ते जमत नसेल तर मुक्काम वरच, यवतेश्वर ते कासच्या पट्ट्यात करा. तिथे राहण्याच्या सोयी भरपूर आहेत. बामणोली हौस असलेल्यांनी रविवारी रिकाम्या सायकलवर करावी.

रस्त्याचा ढोबळ नकाशा: साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट लागतो. चढाचा मोठा हिस्सा पहिल्या सात-आठ किलोमीटरमध्येच संपतो. मग कासपर्यंत माथ्यावरून चढउतार, साताऱ्यापासून सगळे मिळून २५ किलोमीटरच्या आत-बाहेर. बामणोली साताऱ्यापासून ३६-३८.

शनिवारचं वेळापत्रक: पुण्यातून पहाटे साडेचार, सातपर्यंत साताऱ्यात उतरून पोहे-चहा, साडेसातला चढाला सुरुवात. यवतेश्वर नऊपर्यंत, कास अकरा-साडेअकरापर्यंत. दुपारी दोनच्या आत पठार सोडायचं. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर चढतात आणि सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माथ्यावर, तुमच्याइतकं उंच दुसरं काही नसतं. गडगडाट ऐकू आला की सायकल बाजूला ठेवून बंदिस्त इमारतीत किंवा टेंपोच्या केबिनमध्ये बसायचं. एकट्या झाडाखाली थांबायचं नाही.

दातेरी_चक्र
मी सायकलींबद्दलच लिहितो, कारण चढ जमेल का याचं अर्धं उत्तर तुम्ही दिलेल्या दात्यांच्या आकड्यांत आहे.

सहा-सात टक्के चढावर १०० वॉटचा माणूस ताशी ६ किलोमीटरने जातो, म्हणजे मिनिटाला १०० मीटर. आता प्रत्येक सायकलच्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलचा एक फेरा किती मीटर नेतो ते बघा. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा परीघ.

एमटीबी: २४/२८ × २.०५ = १.७६ मीटर, मिनिटाला ५७ फेरे. उत्तम.
हायब्रिड: २८/२८ × २.१८ = २.१८ मीटर, ४६ फेरे. चालेल, पण गुडघ्यावर भार येईल.
रोड बाइक: ३४/२८ × २.१ = २.५५ मीटर, ३९ फेरे. नियमित चालवणाऱ्यालाच द्या.
बिनगिअरची: ४४/१८ × २.०७ = ५.०६ मीटर, २० फेरे.

वीस फेऱ्यांवर माणूस सायकल चालवत नाही, प्रत्येक पॅडलवर उभा राहून तोल सांभाळत असतो. त्या एका सायकलवरून वाद घालू नका, दोन दिवसांसाठी गिअरची भाड्याने घ्या. भाड्याची घेताना मागचं सर्वांत मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं आहे का, एवढं मोजून घ्या. कुठल्या कंपनीची आहे हे त्यानंतर.

हायब्रिडना सर्वांत स्वस्त आणि उपयोगी बदल म्हणजे १४-२८ काढून १४-३४ चं फ्रीव्हील. तेही सात गिअरचंच येतं. २८/३४ ने फेरा १.८ मीटरवर येतो, म्हणजे ५६ फेरे, जवळपास एमटीबीइतकं हलकं. दोन गोष्टी मात्र मेकॅनिककडून नक्की बघून घ्या. मागच्या डिरेलरला (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाला) ३४ दाते झेपतात का, आणि चेनची लांबी पुरते का. चेन तोकडी पडली तर पुढे मोठं-मागे मोठं असा गिअर चुकून पडताच डिरेलर ताणून वाकतो, कधी तुटतो. फ्रीव्हील नवं घातलं आणि चेन जुनी-ताणलेली असेल तर जोर लावल्यावर चेन दात्यांवरून उडते. चेन मोजायची रीत: स्टीलची पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा. १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य यायला हवा. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ गेला असेल तर चेनसोबत फ्रीव्हीलही संपलेलं आहे.

बदल करायचे तर या आठवड्यातच करा. नव्या केबल पहिल्या ५०-६० किलोमीटरमध्ये थोड्या बसतात आणि गिअर बिघडल्यासारखे वाटतात. तेवढं अंतर पुण्यातच होऊ द्या, मग एकदा बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवून जुळवून घ्या.

चढाआधी सीटची उंची. पॅडल सर्वांत खाली, त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. सीट खाली ठेवून पाय टेकवण्याची सवय असलेल्यांचे गुडघे पुढच्या बाजूने दुखतात, ते याच कारणाने. एकदम वर करू नका, चार दिवसांनी एकेक सेंटिमीटर.

निवांत_शनिवार
घाटवाट, दातेरी_चक्र, मनापासून आभार. टेंपो दोन्ही दिवस ठेवतो, बिनगिअरची घरी राहील. अजून दोन शंका: हायब्रिडला रिम ब्रेक (चाकाच्या कड्यावर रबर दाबणारे) आहेत, कास ते बामणोली उतारावर ते पुरतील का? आणि टेंपोत सायकली कशा ठेवायच्या, आडव्या एकावर एक चालतील?

दातेरी_चक्र
ब्रेक पुरतील, वापर चुकला तर नाही. वर घाटवाटने चढाचे जे ४ लाख ६८ हजार ज्यूल काढले, तेच उतारावर कुठेतरी जिरायला हवेत. ती उष्णता दीड लिटर पाणी उकळायला पुरते. जो भीतीपोटी संपूर्ण घाटभर ब्रेक हलकेच दाबून ताशी १५ ने उतरतो, त्याची जवळपास सगळी उष्णता रिममध्ये जाते. रिम तापते, ब्रेक रबर मऊ होऊन पकड सुटते, ट्यूबमधली हवा तापून दाब वाढतो. जो सरळ पट्ट्यात ब्रेक सोडतो आणि वळणाआधी दोन्ही ब्रेक नेटाने दाबून वेग तोडतो, त्याची बरीचशी ऊर्जा हवाच खाते आणि मधल्या वेळात रिम थंड होते. म्हणून शिकवायचं ते हे: वळणाच्या आधी ब्रेक, वळणात शिरल्यावर नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही. फक्त मागचा दाबला तर चाक घसरतं, ओल्या किंवा खडीच्या जागी फक्त पुढचा दाबला तर माणूस पडतो.

निघण्याआधी: रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर चारही रबरं नवी. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये, मध्ये दोन बोटं राहायला हवीत. रबर रिमवरच बसलं पाहिजे, वर सरकून टायरला घासत असेल तर एका घाटात टायर फाटतो. एमटीबीला केबलचे डिस्क ब्रेक असतील तर पॅडची जाडी बघा, आणि डिस्कला किंवा पॅडला तेलाचा थेंब लागू देऊ नका. चेनला तेल घालताना फवारा मारू नका, एकेका कडीवर थेंब टाका आणि वरचं फडक्याने पुसा.

पावसाळ्यानंतर त्या उताराच्या सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं, आणि वाहून आलेली बारीक खडी वळणाच्या आतल्या कडेला साठते. दोघांत किमान दहा सायकलींचं अंतर, ओव्हरटेक नाही.

सामानसुमान
टेंपोचं मी सांगते. आडव्या टाकायच्याच असतील तर एकच नियम: चेनची बाजू वर. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम नाजूक ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तो वाकावा, फ्रेम वाचावी. सायकल उजव्या अंगावर पडली किंवा वर दुसरी ठेवली की तो आतल्या बाजूला वाकतो. वाकलेला सहज दिसत नाही. समजतं ते चढावर, सर्वांत हलका गिअर टाकल्यावर डिरेलर आऱ्यांत शिरतो आणि चाक, डिरेलर दोन्ही जातात. म्हणून साताऱ्यात उतरवल्यावर प्रत्येक सायकलचं मागचं चाक उचलून सगळे गिअर फिरवून बघा, मागून उभं राहून डिरेलरची पुली (छोटं चाक) आणि फ्रीव्हीलचे दाते एका सरळ रेषेत दिसतात का ते पाहा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, दुकानात ऐनवेळी मिळत नाही. तुमच्या सायकलींचे आधी मागवून ठेवा.

खरं तर सहा सायकलींसाठी उभ्या ठेवणं बरं. एकीचं हँडल पुढे, शेजारचीचं मागे अशा आलटून पालटून, पॅडल काढून (डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं). दोन सायकलींच्या मध्ये गोधडी किंवा जुनी चादर आणि दोरी फ्रेमला, केबलला नाही. दोरी टेंपोच्या हौद्याच्या कडेच्या बाजूंना बांधायची, नुसती वरून आवळली तर वळणावर सगळ्या एका अंगाला झुकतात.

दुरुस्तीचं सामान सहा जणांत मिळून: प्रत्येक चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब (तुमच्याकडे तीन मापं होतात, हे विसरू नका), पंक्चरचं किट, तीन टायर लिव्हर, दोन पंप, ॲलन की चा संच, १५ चा पान्हा, चेन तोडायचं हत्यार आणि दोन जोडकड्या. जोडकडी चेनच्या गिअरसंख्येप्रमाणे घ्या, सात गिअरच्या चेनची रोड बाइकला बसत नाही.

रोड बाइकला बारीक व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडची नळी जाड, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हला बसणारी असते. त्याच्या कॉम्प्रेसरने सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची तर दोन-दोन सेकंद दाबून हाताने तपासा, नाहीतर ट्यूब फुटते.

हवा: ७००×३८ मध्ये ५५-६५ पीएसआय, २६ इंचीत ३५-४५, वजनदार व्यक्तीने वरचा आकडा धरावा. कमी हवेत खड्ड्याची कड लागली की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर काटा किंवा तार. तीच जागा टायरच्या आतून बोट फिरवून शोधा, काटा तसाच राहिला तर नवी ट्यूब पाच मिनिटांत परत पंक्चर होते. पॅच लावताना ट्यूब काचकागदाने घासा, सोल्यूशन पातळ लावून पाचेक मिनिटं वाळू द्या, हाताला चिकटेनासं झालं की पॅच दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच उतारावरच सुटतो.

मीठ_साखर_पाणी
खाण्यापिण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून. शरदातलं ऊन पावसाळ्यानंतर अंगाला सवयीचं नसतं, आणि कासच्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो म्हणून तहान लागत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, तहान नसली तरी घोट-घोट. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, कमी पाण्यात नाही. पुडी नसेल तर लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा धरा. केवळ साधं पाणी लिटर-लिटर पिणाऱ्याचं डोकं दुखतं, मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात.

खाणं: पहिल्या ४० मिनिटांत सुरुवात करा. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पुरतात, एका मध्यम केळ्यात सुमारे २५. शेंगदाण्याची किंवा राजगिऱ्याची चिक्की, खजूर, गुळाचा खडा, भडंग. कंदी पेढे परतीला घ्या, चढावर दुधातुपाचं पोटात बसत नाही. वरच्या वाटेवर पिठलं-भाकरी मिळते, पण ती चढ संपल्यावर खा, घाटाच्या मध्यावर भरपेट जेवण नको.

तीन आठवड्यांत तयारी: आठवड्याला तीनदा, त्यातला एक शनिवारी लांबचा. पहिला शनिवार ३० किलोमीटर सपाट, दुसरा ४० आणि त्यात पुण्याजवळचा बोपदेव घाट, तिसरा ३० हलका. बोपदेव सलग चढताना दोनदा थांबावं लागलं तरी चालेल, उतरून ढकललं तरी चालेल, पण तिथे गिअर हलका करायची सवय चढ लागायच्या *आधी* लावून घ्या. जोर लावता-लावता गिअर बदलला की चेन अडकते. पॅडिंगवाली चड्डी आतून दुसरी चड्डी न घालता घालायची, नाहीतर शिवणीने कातडं सोलतं. शेवटच्या दोन दिवसांत घरीच राहा, फक्त २० मिनिटं पाय मोकळे करा.

सडा_आणि_सोनकी
मी पठाराबद्दल. कासचा बहर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. कोजागिरीनंतर जाल तेव्हा तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांतलं बहुतेक उरलेलं नसतं, सोनकीचा पिवळा रंग तुरळक दिसतो आणि गवत तपकिरी-सोनेरी होत असतं. फुलांसाठी जात असाल तर आधी जायला हवं. पण सायकलसाठी तुम्ही निवडलेली वेळ चांगली आहे, बहरातल्या सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते आणि सायकलला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

सायकल कुठल्याही परिस्थितीत पठारावर नेऊ नका, पायवाट दिसली तरी. सड्याच्या खडकावर मातीचा थर फार पातळ आहे. त्यातच वर्षभराचं बी पडलेलं असतं. चाकाने तो सरकला की पुढचा बहर तिथे येत नाही. पश्चिम घाटातल्या जागतिक वारशात कासचा समावेश २०१२ साली झाला. कास तलावाचं पाणी सातारकर पितात, त्यात बाटल्या-पाय धुवायला उतरू नका.

सकाळी धुकं असतं. मागचा लाल दिवा दिवसाही लावा आणि पुढचा पांढरा झळकता ठेवा. घाटात धुक्यात एकत्र थांबायचं असेल तर वळणावर नाही, वळण संपून सरळ रस्ता दोन्हीकडून दिसतो तिथे, आणि डांबर सोडून. दरीत उतरल्यावर फोनच्या नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून ठराविक थांबे आधी ठरवा: यवतेश्वर, कास, उतार सुरू होण्याआधीची जागा, बामणोली. प्रत्येक थांब्यावर मोजणी होऊन सहा पूर्ण झाल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. सर्वांत शेवटी तुमच्या नियमित चालवणाऱ्या दोघांपैकी एक, पंप आणि ट्यूब त्याच्याकडेच. बामणोलीहून वासोटा किल्ल्याची होडी पकडायची असेल तर वनखात्याची परवानगी लागते आणि त्यात एक पूर्ण दिवस जातो. दोन दिवसांत हे कोंबू नका.

निवांत_शनिवार
१४-३४ फ्रीव्हील दोन्ही हायब्रिडला आजच सांगतो. बामणोलीलाच मुक्काम, टेंपो सोबत, रविवारी साडेसहाला निघायचं. एकच: चौघांपैकी एक जण ९५ किलोचा आहे, त्याला हायब्रिड द्यावी की एमटीबी?

दातेरी_चक्र
एमटीबी. २४ चं पुढचं चक्र त्याच्याच उपयोगाचं आहे आणि जाड टायर त्याचं वजन खराब डांबरावर नीट पेलतात. हवा ४५ ठेवा आणि मागच्या चाकाचे आरे आधी हाताने दाबून बघा, दोन-दोन आरे एकत्र चिमटीत धरून. सैल वाटला तर मेकॅनिककडून आवळून घ्या, कारण एक आरा तुटला की शेजारच्यावर भार जाऊन घाटात दुसरा तुटतो. सायकलला मिळणाऱ्या आऱ्यांची लांबी चाकानुसार बदलते, म्हणून त्याच चाकाचे दोन जादा आरे सीटच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून न्या.